माहिती केंद्र

ऊन असलं की मला कुणी काही विचारत नाही.
समुद्र कुठे आहे ते दिसतंच,
आइस्क्रीम कुठे मिळतं ते
पोरांच्या कोपरांवरून ओघळत येतं.
मी आपली पत्रकांचे गठ्ठे सारखे करते.
प्रत्येकावर पिवळा गोल सूर्य,
त्याला काळा चष्मा.
वर्दिंगला आपल्या उन्हाची भारी ऐट.

आज साडेनवालाच आभाळ खाली बसलं.
तिरपा, खारट पाऊस,
छत्री उलटी करून हातात देणारा.
दारावरची घंटी थांबेना.
माझ्या छातीवरचं नाव वाचून
कुणी मर्डूला म्हणालं, कुणी मिसेस डूला.
मी आता दोन्हींना ओ देते.

वुल्व्हरहॅम्टनहून आलेलं कुटुंब,
तीन मुलं, एक वाळूची बादली,
वाळू नाहीच इथे, सगळे गोटे,
तरी बादली काठोकाठ भरलेली.
"पावसानं भरली," धाकटा म्हणाला,
जणू त्यानंच पाडला होता.
आई म्हणाली, "यांना कुठे नेऊ ते सांगा,
कुठेही."

मासे बघा, मी म्हटलं,
काचेआडच्या माशांना हवामान नसतं.
जुन्या इस्त्र्यांचं प्रदर्शन आहे चर्चच्या हॉलमध्ये,
प्रवेश फुकट, जांभया भरपूर.
दोनचा सिनेमा. दुमजली बस,
वरची पुढची सीट धरा
आणि ती नेईल तिकडे जा.

एक मात्र कुणाला सांगत नाही:
स्टेशनमागची लॉन्ड्री.
उबदार बाक, साबणाचा वास,
गोल काचेत कुणाचातरी पट्टेरी टॉवेल
वर जातो, कोसळतो, वर जातो.
तिथे मी माझी पहिली दोन वर्षं काढली,
कपडे धुवायचे नसले तरी.

साडेअकराला तो आला.
रेनकोटची सगळी बटणं लावलेली,
एक घर चुकून.
नाव टिव्हर्टन, क्लेमेंट टिव्हर्टन.
म्हणाला, एकोणिसशे अडुसष्ट साली
लग्न झाल्याझाल्या आम्ही इथे आलो,
एनिड आणि मी.
सात दिवस पाऊस. सातही.
खोलीबाहेर पडलोच नाही,
आणि तक्रार म्हणून केली नाही.
मग घसा खाकरून म्हणाला,
"एकट्यासाठी काही आहे का तुमच्याकडे?"

मी गठ्ठे चाळले.
दोन मोठे, दोन लहान: सवलत.
साठीच्या पुढचे, जोडीनं: केक मोफत.
दहाजणांचा गट.
एवढ्या कागदात एक माणूस
कुठेच बसत नव्हता.

दारावर पाटी लावली, दहा मिनिटांत येते,
आणि त्याला पिअरवर घेऊन गेले.
फळ्यांच्या फटींतून समुद्र
खालून वर उडत होता.
आत ती नाण्यांची यंत्रं,
तांबड्या नाण्यांचा ढीग कडेवर लोंबतो,
आता पडेल, मग पडेल,
आणि पडत नाही.
मी एक पाउंड मोडून आणला.
तो नाणं सोडण्याआधी श्वास धरायचा,
एवढा म्हातारा माणूस.
एकदा यंत्राला हळूच ढोपर मारलं,
मी दुसरीकडे बघितलं.

खडखडाट. सात नाणी.
चौदा पेन्स, त्याच्या ओंजळीत.
तो हसला नाही, मोजत राहिला.
सातावर बोट टेकवलं,
तसंच ठेवलं बराच वेळ.
मग एक नाणं उचलून माझ्या हातावर ठेवलं:
"तुमचं कमिशन."

लॉन्ड्रीचा रस्ता मी त्याला
एका पत्रकामागे काढून दिला,
सूर्य पालथा घालून.

परत आले तर दहा मिनिटांचा तास झाला होता.
पाटीखाली पाच माणसं निथळत उभी,
गिलियन, माझी वरिष्ठ, घड्याळाकडे बघत.
काय होतं एवढं, तिनं विचारलं.
माहिती देत होते, मी म्हटलं.

ते दोन पेन्सचं नाणं ड्रॉवरमध्ये आहे.
संध्याकाळी हिशेब लिहिताना
कुठल्या रकान्यात घालावं कळेना.
बाहेर पाऊस होताच.